वाचून तपासलं

"वर रेघ आहे ना अक्षरांना? मग वाच की," मॅनेजर मराठीतून म्हणाले. समोर दवाखान्याची दोन माणसं बसली होती. त्यांना कळू नये म्हणून मराठी.

स्क्रीनवर एका पेशंट बाईने हाताने भरलेला फॉर्म होता. बंगाली की असमिया, तेही मला सांगता येत नव्हतं. दोन्हींची लिपी जवळपास एकच. एखादं अक्षर ओळखीचं वाटायचं आणि निसटायचं. मी मान खाली घालून उभी.

"शी इज शाय," ते पाहुण्यांना म्हणाले. हसले. मग माझ्याकडे वळून, हळूच, "कॅटेगरीतली ना तू? तरीच."

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधलं आमचं ऑफिस. पेशंटनी आपल्या भाषेत भरलेले फॉर्म आमचं सॉफ्टवेअर वाचतं आणि डॉक्टरला इंग्रजीत देतं. प्रत्येक फॉर्मखाली ती भाषा येणाऱ्या माणसाची सही लागते: वाचून तपासलं. बंगाली येणारी सहकारी नोकरी सोडून गेली. तिच्या जागी मॅनेजरनी माझं नाव टाकलं. इंडियन आहे, चालेल.

आणि मी सह्या केल्या. चार महिने. न वाचता. व्हिसा त्यांच्या हातात होता. शिवाय येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही, ही सवय जुनी. इंग्रजी शाळेत पहिलं वर्षभर मी प्रार्थनेला नुसते ओठ हलवायचे.

पाहुण्यांतल्या एक नर्स होत्या. आसामच्या. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनीच कागद वाचला, इंग्रजीत सांगितला.

"पेनिसिलिन घेतलं की माझा घसा सुजतो."

शेजारी आमचं भाषांतर होतं: घसा सुजला की पेनिसिलिन घेते. खाली माझी सही.

"त्या बाई बऱ्या आहेत?" मी विचारलं.

"हो. हा कागद वेळेत माझ्या हाती लागला," नर्स म्हणाल्या. "बाकीचे कुणी पाहिलेत?"

"नजरचूक झाली म्हण," मॅनेजर पुन्हा मराठीत. "सॉरी म्हण आणि बस खाली. बाकी मी बघतो."

मी इंग्रजीत बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"नजरचूक नाही. मला ही लिपी वाचता येत नाही. एकही फॉर्म मी वाचलेला नाही. यांना ते माहीत होतं. आणि आत्ता मराठीत हे मला काय म्हणाले, तेही सांगते."

सांगितलं. जात काय, कॅटेगरी काय, 'तरीच' म्हणजे काय. शब्द न् शब्द.

दुपारपर्यंत माझा लॉगिन बंद झाला. नोकरी गेली तर साठ दिवसांत देश सोडावा लागेल. बाबा फोनवर म्हणाले, "माफी माग, बाळा." वकील म्हणाली, काहीही लिहून देऊ नका.

मी लिहितेय. कुठल्या दवाखान्याचे फॉर्म, कुठल्या आठवड्यात, आठवतंय तेवढं सगळं. उद्या सकाळी हे नर्सबाईंच्या हातात देणार. त्यातले काही पेशंट आजही चुकीचं औषध घेत असतील. पहिली दोषी मीच दिसेन. दिसू दे. दुसरं, मॅनेजरचं नावही मी पूर्ण लिहिलंय.