दादाचं ‘नको’

दादा आता माझ्या आवाजात बोलतो. घरच्यांना त्याची गंमत वाटते. मला अजून जड जातं.

दादा माझा थोरला भाऊ. जन्मापासून हातपाय त्याच्या ताब्यात नाहीत, आणि तोंडातून शब्द फुटत नाही. ‘हो’ म्हणायचं तर डोळे वर करतो, ‘नाही’ म्हणायचं तर मिटून घेतो. ते डोळे वाचायचं काम लहानपणापासून माझं. "दादा काय म्हनतो रे?" असं सगळे मलाच विचारायचे, आणि मी सांगेन ते खरं.

यंदा माझ्या मुलीनं त्याच्यासाठी नजरेवर चालणारा टॅब आणला. पडद्यावर चौकोन असतात. दादानं एखाद्यावर नजर रोखली की टॅब ते बोलतो. त्यातला तयार आवाज बातम्या देणाऱ्यासारखा. ‘मला पाणी हवे आहे’ ऐकून दादा इतका हसला की ठसका लागला. आमच्या ऐरोलीच्या गावठाणात असं कोण बोलतं? मग वाशीच्या स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, घरातल्या कुणाच्या तरी आवाजात भरा. मी भरलं. पानी. भूक. दुखतंय. टीव्ही लाव. कूस बदल.

बाईंनी ते सगळं ऐकलं. "यात ‘नको’ कुठाय? आणि बाहेर जायचं काहीच नाही?"

"त्याला गर्दी सोसत नाही, मॅडम," मी सवयीनं म्हणालो.

दादानं डोळे घट्ट मिटले. त्याचा अर्थ बाईंनी मला विचारला नाही.

गर्दीचं ते वाक्य मीच तयार केलेलं. माझ्या हळदीला आईनं त्याला आंघोळ घालून नवा सदरा चढवला होता. आमच्यात हळद लग्नापेक्षा मोठी, अख्खं गाव नाचतं. पण माझ्या ऑफिसातली माणसं येणार होती. दादाची लाळ त्यांना दिसू नये, एवढंच माझ्या मनात होतं. आईला सांगितलं, विचारलं मी, नको म्हणतोय. त्याचे डोळे वर होते. पार छताला लागलेले. मी दार ओढून घेतलं. पुढे घराघरातल्या हळदींना तेच सांगत गेलो, आणि लोकांनी विचारणंच सोडलं.

आता माझ्या मुलीची हळद होती.

"पप्पा, ‘नको’ भरा. हळदीचं पण भरा," ती म्हणाली. "मोठ्या बाबांचं त्यांना ठरवू दे."

मी टॅबसमोर बसलो. ‘नको’ पटकन झालं. दुसरं वाक्य दोनदा बोलावं लागलं.

दादानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मना हलदीला येवाचा हाय." पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"कळलं, मोठे बाबा! किती पकवाल?" मुलगी हसत डोळे पुसत होती.

हळदीच्या मांडवात त्याची खुर्ची मी पुढे लावली. चुलती आली आणि माझ्याकडेच वळली. "दादा काय म्हनतो रे?"

"त्यालाच विचार, काकी."

बँजो सुरू झाला. समोर ऑफिसातली माणसं बसली होती. दादाच्या हनुवटीवर लाळ आली, आणि माझा हात रुमालाकडे गेला.

"नको," माझाच आवाज म्हणाला.

मी रुमाल खिशात ठेवला आणि त्याच्या शेजारी बसलो.