अडवून ठेवलेली आवृत्ती

रहाटणीचा संघर्ष ओव्हाळ दिवसा चाकणच्या कंपनीत गाड्यांचे सेन्सर तपासायचा. उरलेल्या वेळात तो अंतराळातल्या दुर्बिणीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. दुर्बीण ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून पाठवते. पण त्यात तिच्या यंत्राचे स्वतःचे दोषही मिसळून येतात. ते वजा करून खरा वर्णपट हाती देणं, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. ते कुणालाही फुकट वापरता यावं म्हणून खुलं करायचं ठरलं होतं.

या कामात त्याच्या जोडीला सायली होती. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातली, अर्जुनरावांची मुलगी. तिची पीएच.डी. चालू होती. एका दूरच्या ग्रहाच्या हवेत तिला गंधकाच्या वायूची खूण सापडली होती, आणि ती दिसत होती फक्त संघर्षच्या सॉफ्टवेअरमधून.

"ते खुलं झाल्याशिवाय पेपर पाठवायचा नाही म्हणतात आमचे गाईड," ती म्हणाली. "इतरांना पडताळता आलं पाहिजे ना. कधी सोडतोयस?"

"वर्णपटाच्या तांबड्या टोकाला अजून चूक येतेय. तेवढी काढतो."

"माझी खूण त्या टोकाला नाहीच रे! लिहून टाक, या टोकावर भरवसा ठेवू नका म्हणून."

तेच त्याला जमेना. शाळेत असल्यापासून त्याची आई सरूबाई बजावत आली होती, "दुसऱ्याचं पोरगं चुकलं तर नुसतं चुकलं म्हणत्यात. आपलं चुकलं की जात काढत्यात. नीट बघून दे, बाबा." हे काही आईचं उगाच भ्यालेलं मन नव्हतं, कॉलेजात त्याने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण सायलीला तो यातलं काहीच बोलला नाही. तिला वाटलं, याला घाईच नाही.

पावसाळा सरला, दिवाळी झाली. तांबडं टोक काही सुधरेना. मग एके दिवशी सायलीचा फोन आला.

"वाचलंस?"

वाचलं होतं. परदेशातल्या एका गटाने वेगळ्या वाटेने जाऊन तोच ग्रह, तोच वायू छापला होता.

"सायली, मी आजच सोडतो—"

"आता कशाला रे?" ती म्हणाली. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तरी त्याने त्याच आठवड्यात सॉफ्टवेअर खुलं केलं, चुकीसकट. काही दिवसांतच चिलीतल्या कुण्या विद्यार्थिनीची मेल आली: तांबड्या टोकाला यंत्राच्या तापमानाची दुरुस्ती दोनदा लागतेय, कोडमधली ती जास्तीची ओळ काढा. खाली भरभरून आभार. संघर्षने ओळ काढली. टोक सरळ झालं. वर्षभर तो एकटाच ज्याच्याशी झुंजत बसला होता, ते दुसऱ्याच्या नजरेला सहज दिसलं. आणि त्या मुलीने त्याचं आडनाव विचारलं नव्हतं.

सायलीने प्रबंध कसाबसा पुरा केला आणि हिंजवडीत बँकेच्या सॉफ्टवेअरची नोकरी धरली. पुढच्या उन्हाळ्यात तो चिखलीला तिच्या घरी गेला. तिची आई सोजराबाई चहा समोर ठेवून आत गेली, तेव्हा त्याने सरूबाईचं बोलणं पहिल्यांदा सायलीला सांगितलं.

तिने उचललेला कप परत खाली ठेवला.

"तेव्हाच बोलला असतास तर?"

"तर काय केलं असतंस?"

"माझं नाव वर घातलं असतं. चूक निघाली असती तर माझी निघाली असती. आमचं कोण काय काढणार होतं?"

चहावर साय धरली.

आता तो सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती वेळेवर सोडतो, उरलेल्या त्रुटी वरच लिहितो. करणाऱ्यांच्या नावांत सायलीचंही नाव घातलंय. घालू का विचारलं तेव्हा ती "घाल की" म्हणाली होती. त्या ग्रहाबद्दल मात्र ती बोलत नाही. त्याने विषय काढलाच, तर ऑफिसातलं काहीतरी सांगू लागते.