हुकमाची रस्सीखेच

हवालदारीण डूख धरणारी बाई होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. काहींचा राग उतू जातो आणि ओटा पुसला की संपतो. हिचा राग मंद आचेवर शिजत राहायचा, आणि तिला त्याची लाजही वाटायची नाही. "विसरून जा गं," असं कुणी म्हटलं तर ती म्हणायची, "विसरायला तो अपमान आहे, छत्री नव्हे."

लष्कराच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर तिचं दोन खोल्यांचं घर होतं. लिफ्ट नव्हती. हवालदार नवरा वर्षभरासाठी दूरच्या चौकीवर गेलेला. पदरात सात वर्षांची लेक आणि नुकतंच रांगायला लागलेलं बाळ. लेकीला शाळेच्या गेटवर सोडायचं आणि परतताना बाळ कडेवर, भाजीची पिशवी खांद्यावर असं तीन जिने चढायचे. दुसऱ्या बाळंतपणात तिचं अंग सुटलं होतं. लेकीच्या ताटातलं उरलेलं, बाळाच्या वाटीतलं सांडलेलं, टाकवत नाही म्हणून सगळं हिच्याच पोटात जायचं. आपलं पोट म्हणजे घरातली दुसरी कचऱ्याची बादली आहे, असं तिला वाटायला लागलं होतं.

नवऱ्याचा फोन रविवारी यायचा. चौकीवर एकाच जागी फोन लागायचा, त्यामुळे तिथे सगळे जवान गोळा व्हायचे आणि फोन स्पीकरवर असायचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी ती जरा हळवी झाली होती. म्हणाली, "अहो, हल्ली जिना चढताना फार दम लागतो. मधेच बसावं लागतं. बाळ कडेवर असतं ना, भीती वाटते."

"दम लागणारच," नवरा तिकडून म्हणाला. "रणगाडा कुणी जिन्यानं चढवतं का? क्रेन मागव."

आणि मग तिला हसू ऐकू आलं. एकट्या नवऱ्याचं असतं तर तिनं दोन शब्द सुनावले असते. पण हसणारे दहा-बारा जण होते. त्यातला एक, चौकीवरचा ड्रायव्हर, ओरडून म्हणाला, "आमच्याकडे उलट आहे हो! आमची काडी वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या खिशात दगड भरून आलोय!" पुन्हा हशा. तिनं फोन ठेवला, बाळाचे कपडे बदलले, भांडी घासली. रडली नाही. घासताना एका पातेल्याला पोचा तेवढा आला.

नवरे सगळे एका माळेचे मणी. प्रत्येकानं तो विनोद आपापल्या बायकोला फोनवर सांगितला. दुसऱ्या दिवशी कँटीनच्या रांगेत मागून आवाज आला, "सरका जरा, रणगाडा येतोय." हसतील त्यांचे दात दिसतील, असं म्हणून तिनं तेही गिळलं. पण आठवडा संपायच्या आत लेक बूट घालता घालता म्हणाली, "आई, तू गेटपर्यंत नको येऊस. कोपऱ्यावरूनच परत जा."

"का गं?"

"मुलं तुला रणगाडा म्हणतात. मग मला रणगाड्याचं पिल्लू म्हणतात."

त्या दिवशी ती कोपऱ्यावरच थांबली. लेक मागे वळून न बघता गेटात शिरली. नवऱ्याच्या बाबतीत आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे तिला कळत होतं. पण म्हणून दातांनी किती चावावं? पोटच्या पोरीला आपली लाज वाटावी, इतकं? तिनं तिथेच ठरवलं, ह्या माणसाचं नाक कापायचं. घरात भांडून भागणार नव्हतं. तो जसा चारचौघांत हसला, तसंच चारचौघांत, आणि लेकीच्या डोळ्यांदेखत.

कोपऱ्यावरून ती थेट मैदानावर गेली, बाबागाडी सावलीत लावली आणि धावली. धावली म्हणजे काय, गोलच्या खांबापासून झाडापर्यंत गेली आणि झाडाला मिठी मारून उभी राहिली. छातीचा भाता झाला होता. आधी वाटलं, हे आपलं काम नव्हे. मग ते हसू आठवलं आणि ती झाड सोडून परत खांबाकडे निघाली.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक किडकिडीत बाई बैठका मारत होती. ड्रायव्हरची बायको. हीच ती काडी.

"तुम्ही कशाला आलात?" हवालदारणीनं दम खात विचारलं. "तुमच्या अंगावर घटवायला आहे तरी काय?"

"मी वाढवायला आलेय," ती म्हणाली. "नवरा परत आला की त्याला उचलून पाण्याच्या टाकीत टाकायचाय. झाकणासकट."

हवालदारीण कित्येक दिवसांनी हसली. इतकी हसली की बाबागाडीतलं बाळ दचकून रडायला लागलं.

कुणाची मैत्री शाळेत जमते, कुणाची शेजारामुळे. ह्या दोघींची सुडावर जमली, आणि ती पक्की होती, कारण एकीलाही उगाच गोड बोलावं लागत नव्हतं. नव्याचे नऊ दिवस सरले तशी अंगं दुखायला लागली आणि कारणं सुचायला लागली. मग एक आली नाही की दुसरी तिच्या दारावर लाथ मारायची. एकदा बाळ तापानं फणफणलं. हवालदारीण मैदानावर दिसली नाही तेव्हा काडी तीन जिने चढून वर आली, शिव्या द्यायला म्हणून. आत बघितलं, पदर खोचला आणि संध्याकाळपर्यंत त्या घरात राबली. लेकीला शाळेतून आणलं, बाटल्या उकळल्या, हवालदारणीला जबरदस्तीनं झोपवलं. लग्नानंतर आपल्याला असं कुणी झोपवलं नाही, हे उठल्यावर हवालदारणीच्या लक्षात आलं, आणि तेव्हा मात्र तिला रडू फुटलं. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना अगंतुगं करायला लागल्या.

"पण असं धावून तू त्याचं नाक कसं कापणार?" काडीनं एकदा विचारलं. "तो फौजी गडी. तुझ्या पुढेच पळणार."

हवालदारणीच्या मनात दुसरंच होतं. युनिटच्या वर्धापनदिनाला शेवटचा खेळ ठरलेला असायचा, नवरे विरुद्ध बायका, रस्सीखेच. आणि त्या खेळाचा रिवाजही ठरलेला. नवरे मिशीत हसत दोर धरायचे, दोन पावलं ओढल्यासारखं करायचे आणि 'अरे बाप रे, मेलो मेलो' करत धडाधड आडवे व्हायचे. बायकांना थर्मास मिळायचा, पुरुषांना दिलदारपणाचं नाव. इतकी वर्षं बायका तो थर्मास घेऊन हसत घरी येत होत्या. हिच्या घरात असे दोन होते, आणि दोन्ही गळायचे.

"ह्या वर्षी खरंच ओढायचं," ती म्हणाली.

काडीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गिऱ्हाईक म्हैस बघतं तसं. "माझा बाप नदीवर नावा ओढून काठावर घ्यायचा. आम्ही पोरीपण दोर धरायचो. अगं, तू वजन घटवायच्या मागे कशाला लागलीस? दोराच्या शेवटाला तुझ्यासारखीच बाई लागते. फक्त त्या वजनाला पाय फुटले पाहिजेत."

मग तालीम बदलली. काडीनं गाड्यांच्या शेडमधून ट्रकचं जुनं टायर आणि दोर पैदा केला. दोर काखेत दाबायचा, मागे रेलायचं, हात विसरून जायचे आणि टाचांनी जमीन ढकलायची. पोरं सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती टायरातच बसायची. आधी एक, मग दोन. वसाहतीतल्या आणखी बायका बघायला आल्या आणि राहिल्या. दवाखान्यातली नर्स, शिंपीण, मुख्य आचाऱ्याची धिप्पाड बायको. कँटीनच्या रांगेत 'रणगाडा' म्हणणारी शिंपीणच होती. हवालदारणीनं तिला क्षमा केली नाही, दोरावर घेतली. ओढणारं माणूस हवं होतं.

जसजशी पोरं वाढली तसतसं टायर जड झालं, पण बायकांना ते कळलंच नाही. एक दिवस हवालदारीण बाळ आणि धान्याची पिशवी घेऊन घराचं कुलूप उघडत होती, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण मधे कुठेच बसलो नाही. तिला फार बरं वाटलं. राग मात्र होता तेवढाच होता.

वर्धापनदिनाच्या आठवडाभर आधी नवरे परतले. हवालदार जेवायला बसला, बायकोकडे बघून म्हणाला, "बारीक झालीस की काय? छे, आपला रणगाडा आहे तसाच आहे!" समोर लेकीनं मान खाली घातली आणि ताटात बोट फिरवत बसली. हवालदारणीनं त्याला आणखी वाढलं. म्हणाली, "जेवा पोटभर."

घोडामैदान जवळच होतं, पण शिंपिणीनं शेवटच्या तालमीला खोड काढली. "आपण जिंकलो तरी ते म्हणणार, आम्ही सोडली. मग काय?" "त्याचं मी बघते," हवालदारीण म्हणाली.

त्या दिवशी मैदानावर मंडप, खुर्च्या, बँड, सगळा थाट होता. मुलं दोरीच्या कडेनं बसली होती. शिट्टी झाली. नवऱ्यांनी दोन पावलं ओढलं आणि 'मेलो मेलो' करत आडवे झाले. ड्रायव्हरनं तर पाय वर करून हलवले. हशा, टाळ्या. थर्मास येऊ लागला. तेवढ्यात हवालदारीण दोर टाकून सरळ मोठ्या साहेबांच्या खुर्चीसमोर गेली.

"साहेब, हा डाव धरू नका. ह्यांनी मुद्दाम सोडली. आम्हाला खरी ओढायचीय."

"अगं ए, इकडे ये!" नवरा मागून ओरडला. "काय पोरखेळ लावलाय!"

साहेबांना गंमत वाटली. "वहिनी, लागेल हं."

"लागू दे, साहेब. फक्त ह्यांना तुम्ही सांगा. माझं ऐकायचे नाहीत, तुमचं ऐकतील."

साहेबांनी माइक हातात घेतला. "सगळ्यांनी ऐका. दोर खरा ओढायचा. जो मुद्दाम सोडेल, त्यानं माझा हुकूम मोडला असं मी समजेन."

दोराच्या पुढच्या टोकाला काडीनं हे ऐकलं आणि तिचे सगळे दात दिसले. 'त्याचं मी बघते' म्हणजे काय, ते आता तिला कळलं.

पुरुषांनी बाह्या सरसावल्या. तरी ते हसतच होते. एका टोकाला शेवटी हवालदारानं दोर कमरेला गुंडाळला, दुसऱ्या टोकाला हवालदारणीनं. शिट्टी झाली. पुरुषांनी जोरात हिसका दिला. बायका टाचा रोवून मागे रेलल्या आणि तशाच राहिल्या. दुसरा हिसका, तिसरा. "दमू द्या," काडी पुढून म्हणाली, "दमू द्या त्यांना." वर्दीच्या चकचकीत बुटांत पुरुषांचे पाय सरकायला लागले, माना लाल झाल्या, हसू कधीच गेलं होतं.

"पाय!" काडी ओरडली.

सगळ्या बायका एक पाऊल मागे गेल्या. "पाय!" आणखी एक. ड्रायव्हर गुडघ्यावर आला. त्याच्यावर मागचा कोसळला, त्याच्यावर आणखी एक. मग दोरावर एकटा हवालदार उरला. दोर कमरेला होता, त्यामुळे त्याला सोडताही येईना. हवालदारीण ढकलत राहिली. मातीला, त्या रविवारच्या हसण्याला, शाळेच्या कोपऱ्याला. नवरा पोटावर फरपटत आला आणि रेघ ओलांडून थांबला.

मैदानावर जो गलका उठला त्यात बँडसुद्धा ऐकू येईना.

हवालदार उठला. वर्दीवरची माती झटकली, इकडेतिकडे बघून हसला. "चला, बायकांचं मन राखलं," तो मोठ्यानं म्हणाला. "दिली सोडून!"

"हवालदार!" साहेबांचा आवाज आला. "सोडलीस?"

तो ताठ उभा राहिला, हात मांड्यांना चिकटले. सोडली म्हणावं तर हुकूम मोडला, नाही म्हणावं तर नाक गेलं. आपल्याला कुणी कोंडलं हे त्याला आत्ता उमगलं. त्यानं बायकोकडे बघितलं. कुणीतरी हसणं थांबवावं म्हणून माणूस बघतो, तशी ती नजर होती. हवालदारणीनं ती ओळखली. तिला दया आली का? अजिबात नाही. तिनं डोळे वळवले नाहीत आणि वाट बघत उभी राहिली.

"नाही साहेब. सोडली नाही."

"मग काय झालं?"

"ओढलं आम्हाला, साहेब."

"ऐकू आलं नाही. कुणी ओढलं?"

"माझ्या बायकोनं ओढलं, साहेब!"

अख्खं मैदान हसलं. जवान हसले, बायका हसल्या, खुर्च्यांवरचे साहेब लोक हसले. मुलांच्या रांगेतून लेक धावत आली, आईच्या मातकट कमरेला तिनं मिठी मारली आणि बापाकडे बोट दाखवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली. हवालदारणीनं तिला हसू दिलं. चांगलं पोटभर हसू दिलं. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पुरे आता. बाप आहे तुझा."

काडी दोर गुंडाळत जवळ आली. तिचा नवरा मागे गुडघे चोळत बसला होता. तिनं हळूच विचारलं, "आणि तुला? तुला झालं का पुरे?"

"नाही," हवालदारीण म्हणाली. "उद्या सकाळी टायर घेऊन ये."