लाडवाला रिफिल नसतं

औषधांच्या कायद्यावर मनापासून प्रेम करणारं माणूस साऱ्या अमेरिकेत एकच असेल, आणि ते नेमकं माझ्याच दुकानात कामाला असावं, हे माझं नशीब. आम्ही बाकीचे तो कायदा नाक दाबून गिळतो. आमच्या दुकानातल्या काकू तो चवीनं खातात आणि आणखी मागतात. त्यांच्याबद्दल लिहायचं असं बरेच दिवस मनात होतं, पण दर वेळी लिहायला बसले की हेवाच आधी कागदावर उतरायचा. मग म्हटलं, उतरू दे. खरं तेच लिहावं.

एडिसनमधल्या एका लहानशा औषधांच्या दुकानात मी इंटर्न होते आणि काकू टेक्निशियन. म्हणजे गोळ्या मोजायच्या, लेबलं चिकटवायची, विम्याच्या कंपन्यांना फोन लावून तासभर वाट बघायची. फार्मासिस्ट व्हायचं तर लायसन्स हवं, आणि लायसन्ससाठी आम्हा दोघींची एकच परीक्षा उरली होती, कायद्याची. कुठलं औषध कुणाला द्यायचं, किती वेळा द्यायचं, कुठलं कपाट कुलपात ठेवायचं, कुठला कागद किती वर्षं जपायचा, अशी ती परीक्षा. संगणकावर एकामागून एक प्रश्न येतात आणि एकदा पुढं गेलं की मागं वळता येत नाही. मी ती वसंतात एकदा दिली होती आणि नापास झाले होते. काकू पहिल्यांदाच बसणार होत्या. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, कऱ्हाडच्या कॉलेजातून जुन्या काळी बी.फार्म. झालेल्या. त्या काळची चार वर्षांची डिग्री इथं चालते, नंतरच्या मुलांची चालत नाही. मी मात्र इथल्याच कॉलेजात वर्षानुवर्षं घासून डिग्री घेतली. त्यांचं नशीबसुद्धा वेळेवर जन्माला आलं होतं.

आमच्या दुकानातले जुने फार्मासिस्ट मुलीकडे फ्रिस्कोला कायमचे जाणार होते. मालकांनी आम्हा दोघींना समोर उभं करून सांगितलं, "जिचं लायसन्स आधी येईल, तिची खुर्ची." आमच्या धंद्यात खुर्ची नसते, दिवसभर उभंच राहावं लागतं, पण मला ती खुर्ची दिसायला लागली होती. दुकानापासून आमचं घर बसनं दहा मिनिटांवर. बाबा ओक ट्री रोडवरच्या एका मिठाईच्या दुकानात भट्टीवर असतात, आई गोदामात पॅकिंग करते. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. बाबांनी अख्ख्या भट्टीला सांगून ठेवलं होतं की पोरगी जवळच्याच दुकानात साहेब होणार आहे.

आणि मध्ये काकू.

काकूंचं म्हणणं असं, की कायदा पाठ करायचा नसतो, त्याची सवय लावायची असते. म्हणून त्यांनी सगळं घर कायद्याखाली आणलं होतं. पहिल्यांदा त्यांच्या स्वयंपाकघरात गेले तेव्हा मी दारातच थांबले. फ्रिजमधल्या आमटीवर लेबल होतं: कधी केली, कधीपर्यंत वापरायची, कुणी केली. बेसनाचे लाडू कुलूपबंद कपाटात, कारण काकांची साखर सीमेवर होती आणि त्यामुळे लाडू हे शेड्यूल दोनमध्ये मोडत होते. शेड्यूल दोन म्हणजे सगळ्यात कडक औषधं, ज्यांना रिफिल, म्हणजे जुन्याच चिठ्ठीवर पुन्हा औषध, मिळत नाही. चिवडा शेड्यूल तीनमध्ये, सहा महिन्यांत पाच रिफिल. काका कंपनीतून निवृत्त झालेले शांत गृहस्थ. एका रविवारी माझ्यासमोरच त्यांनी चहाबरोबर हळूच विचारलं,

"अगं, आज एक लाडू मिळेल का?"

"मागच्या आठवड्यात दिला होता."

"तोच परत भरून दे की."

"लाडवाला रिफिल नसतं. नवीन प्रिस्क्रिप्शन आणा."

प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचा अधिकार सांगलीच्या सासूबाईंना होता. काकांनी तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला. सासूबाई पडद्यावरून म्हणाल्या, "दे गं त्याला एक, तोंड बघ कसं झालंय." काकूंनी हात पुसत फोन घेतला. "आई, तोंडी ऑर्डर शेड्यूल दोनला चालत नाही. फक्त इमर्जन्सीत चालते, आणि सात दिवसांत लेखी आली पाहिजे." सासूबाईंनी थोडा विचार केला आणि इमर्जन्सी आहे असं जाहीर केलं. काकांना लाडू मिळाला. आणि पाचव्या दिवशी सांगलीहून खरोखर कुरिअर निघालं, वहीच्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'चिरंजीवास लाडू एक.' काकूंनी ते पान फायलीत लावलं.

मी हसले, पण घरी परतताना बसमध्ये मला हसू आलं नाही. तोच सात दिवसांचा नियम मी अभ्यासाच्या हिरव्या कार्डावर लिहिला होता. चार रंगांची कार्डं होती माझी, सहाशेच्या वर. तो नियम मी वसंतातल्या परीक्षेत चुकले होते. आता जन्मात चुकणार नाही, पण ते माझ्या कार्डांमुळे नाही, काकांच्या लाडवामुळे.

माझ्या घरी मला कोण प्रश्न विचारणार होतं? आईला मी एकदा कार्डं दिली होती. तिनं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाली, "डिग्री मिळाली ना गं? मग आता कसली परीक्षा?" तिचा दोष नाही. पण काकूंच्या घरी काका पोळीच्या पिठाजवळ उभं राहून बातम्या देणाऱ्याच्या आवाजात प्रश्न वाचायचे, दूर कॅरी गावात नोकरी करणारा मुलगा फोनवरून 'मॉम, यू आर सो एक्स्ट्रा', म्हणजे जरा अतीच करतेस, असं म्हणत म्हणत दोन प्रश्न विचारायचा, आणि काकू लाटणं न थांबवता उत्तरं द्यायच्या. एक अख्खं घर एका बाईसाठी परीक्षेला बसलं होतं. लाडवांचं मला काही वाटलं नाही. हेवा वाटला तो याचा.

काकू जे काही समजावून सांगत ते इतकं सोपं असायचं की राग यायचा. केंद्राचा नियम एक आणि राज्याचा दुसरा असेल तर काय करायचं, यावर माझ्या पुस्तकात अकरा पानं आहेत. काकूंनी ते कणीक मळता मळता संपवलं. "माझ्या माहेरी चातुर्मासात कांदा चालायचा, सासरी नाही. मी काय केलं? जो नियम कडक तो धरला. झालं की गं, हाच कायदा." दुकानातही त्यांचं तसंच. सर्दीच्या काही गोळ्यांना इथं फोटोचं ओळखपत्र बघून सही घ्यावी लागते. एकदा ओळखीतले एक काका त्या घ्यायला आले. ओळखपत्र मागितल्यावर ते दुखावले. "अहो, दरवर्षी तुमच्याकडे गणपतीला जेवतो मी."

"जेवायला ओळखपत्र लागत नाही. पुढच्या वर्षीही या. आता गाडीचं लायसन्स दाखवा."

त्यांनी मुकाट्यानं दाखवलं, वर हसत गेले. हेच मी बोलले असते तर त्यांनी मालकांना बोलावलं असतं. मला तर ओळखपत्र मागतानाच आधी सॉरी म्हणायची सवय होती.

दिवाळीआधी त्यांनी घरात मोजणी काढली. कायद्यानं दर दोन वर्षांनी अशी मोजणी करावी लागते, शेड्यूल दोन एकेक मोजून, त्याखालचं अंदाजानं. म्हणून लाडू एकेक मोजले गेले आणि चिवड्याच्या डब्याकडे नुसतं बघितलं गेलं. एक लाडू कमी भरला. "चोरी की गहाळ?" काकूंनी पेन उघडून विचारलं. काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गहाळ लिही."

अशा रविवारी त्या मलाही बोलवायच्या. "एकटी काय बसतेस लायब्ररीत, ये इकडे, दोघी करू." प्रतिस्पर्ध्याला कुणी घरी बोलावून जेवायला घालतं का? मी जायचे, आणि त्यांचं कुठं चुकतंय ते बघत बसायचे. हे लिहायला मला बरं वाटत नाही. पण ते तसंच होतं.

आणि एका रविवारी मला चूक सापडली.

काकूंचा सगळा अभ्यास एका झेरॉक्स वहीवर होता. कुणाच्या तरी भाचीनं काही वर्षांपूर्वी ही परीक्षा पहिल्या फटक्यात पास केली होती. तिच्या हस्ताक्षरातल्या त्या नोट्स एडिसनमधल्या घराघरांतून फिरत काकूंकडे आल्या होत्या. काकूंनी त्यांना तपकिरी कव्हर घातलं होतं, पहिल्या पानावर कुंकवाचं बोट लावलं होतं. राज्याच्या संकेतस्थळावर सगळे नियम फुकट असतात, रोज ताजे. पण पास झालेल्या मुलीच्या नोट्स हातात असताना सरकारचं कोण वाचतं? आपल्याकडे तरी कुणी वाचत नाही. मी वाचले होते, कारण मला नोट्स देणारं कुणी नव्हतं. म्हणूनच माझ्या लक्षात आलं, की जुनी औषधं नष्ट करण्याबद्दलचं त्यांच्या वहीतलं पान शिळं होतं. राज्यानं तो नियम मधल्या काळात बदलला होता. आमच्या दुकानात ते काम बाहेरची कंपनी करायची, त्यामुळे काकूंना कळायचं काही कारण नव्हतं. त्या डोलत डोलत ते पान म्हणत होत्या, आणि काका "बरोबर" म्हणत होते.

मी काही बोलले नाही.

एका पानानं काय होतं, असं मी स्वतःला सांगितलं. मग पुढच्या रविवारीही बोलले नाही. त्या दिवशी तर काकूंनी तेच पान मला समजावून सांगितलं आणि मी मान हलवली. त्यांची परीक्षा दहा दिवसांनी, बुधवारी होती, माझी त्यानंतरच्या सोमवारी.

परीक्षेच्या आधीचा तो शेवटचा रविवार. जेवणं झाल्यावर काकू स्वतःची वही बाजूला ठेवून म्हणाल्या, "आज तुझं बघू. तू नापास का झालीस ते मला कळलं पाहिजे." दोन तास त्यांनी मला प्रश्न विचारले. बुधवार त्यांचा होता आणि रविवार त्या माझ्यावर घालवत होत्या. शेवटी त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"तुला नियम येतात गं. पण तू प्रश्नातल्या पेशंटची कीव करतेस. त्याचं दुखतंय म्हणून देऊन टाकतेस."

"पण काकू, तो खरंच तसा आला तर?"

"दुकानात आला तर डॉक्टरला फोन लाव, त्याला खुर्ची दे, पाणी दे. प्रश्नातल्या माणसाला काही दुखत नसतं, बाळ. तिथं फक्त नियम सांग."

सहा वर्षं कॉलेजात गेले, एका प्राध्यापकानंही मला हे सांगितलं नव्हतं. माझ्या सहाशे कार्डांत ते नव्हतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं, आणि लगेच इतकं वाईट, की मी समोरचं पाणी सगळं पिऊन टाकलं.

"काकू, तुमच्या वहीतलं ते नष्ट करण्याचं पान जुनं आहे. नियम बदललाय."

मी फोनवर राज्याचं पान काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. काकांनी चहाचे कप उचलले आणि आत गेले.

"तुला आज कळलं?"

मला हो म्हणता आलं असतं.

"नाही. दोन रविवार झाले."

काकूंनी वही उघडली. जुन्या ओळीवर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, दुकानातल्या नोंदीत चूक दुरुस्त करतात तशी. वर नवा नियम लिहिला. बाजूला तारीख घातली आणि आपली आद्याक्षरं. मग पेन्सिल माझ्याकडे सरकवली. मीही माझी आद्याक्षरं घातली.

"पुढचं पान," काकू म्हणाल्या. "अहो, आत काय करताय, या आणि विचारा."

आम्ही दोघी पास झालो. काकूंचा निकाल पाच दिवस आधी आला, लायसन्सही आधी आलं, आणि खुर्ची त्यांची झाली. बाबांनी भट्टीवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मला नोकरी लागली ती दुसऱ्या गावात, दोन बस बदलून पाऊण तासावर, जिथं दिवसभर मराठी कानावर पडत नाही. बरी आहे नोकरी. ओळखपत्र मागताना आता मी सॉरी म्हणत नाही.

हेवा गेला का? नाही. ओक ट्री रोडवर कुणी भेटलं आणि "तुमच्या दुकानातल्या त्या काकू काय छान समजावून सांगतात" म्हणालं, की अजून आत काहीतरी टोचतं. जागा माझी होऊ शकली असती, असं वाटतं. मग वाटतं, कशी झाली असती ते मला चांगलं माहीत आहे, आणि मी विषय बदलते.

एक गोष्ट मात्र मला कधीच कळणार नाही. त्या पानावरचा प्रश्न बुधवारी काकूंना आला होता का? माझ्या त्या एका वाक्यानं माझी खुर्ची गेली, की ते वाक्य न बोलताही त्या पास झाल्याच असत्या? बऱ्याचदा फोन हातात घेऊन विचारावंसं वाटतं. पण परीक्षेतले प्रश्न बाहेर कुणाला सांगायचे नाहीत, असा नियम आहे. आणि काकू तो पाळतील.