कासवाचे दात

"पायाखाली पाह्यजा, शेट."

दार उघडण्याआधी कंपाउंडर आतून एवढंच म्हणायचे. राम राम नाही, या-बसा नाही. मग कडी निघायची, दार वीतभर उघडायचं आणि त्यांची नजर माझ्या तोंडाकडे नव्हे, चपलेकडे जायची. आपण सौदा करायला जावं आणि समोरच्यानं आपल्याला पायापासून पाहायला घ्यावं, हे मी बारा वर्षं सोसलं.

ते पशु दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायचे, पट्ट्या बांधायचे, बिथरलेला बैल खोड्यात घालायचे. गावानं त्यांना परस्पर कंपाउंडर करून टाकलं. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी माणसं शाल-नारळ घेऊन घरी येतात. हे एक लंगडं मांजर आणि पाठ तडकलेलं कासव घेऊन आले.

मग भरती वाढत गेली. सात मांजरं झाली. पतंगाच्या मांज्यानं पंख कापलेली घार कपड्यांच्या दांडीवर बसायची. दोन साळुंक्या देवळीत राहायच्या, शेपूट तुटलेली घोरपड पलंगाखाली, आणि न्हाणीच्या भिंतीत एक धामण होती. ते स्वतः कुठे झोपायचे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"मांजरं साळुंक्याले खात नाईत का हो?" मी एकदा विचारलं.

"पोट भरेल असलं का कोणी कोणाले खात नाई. माणसाचं तेवढं सांगता येत नाई, शेट."

हे मला होतं. मी ओळखलं.

आता माझी बाजू ऐका. मी आमच्या वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात डोक्यावर पोती वाहिली. मग गुरांची दलाली केली. आज सरकीच्या ढेपेचं आणि कुटाराचं, म्हणजे गुरांच्या भुशाचं, माझं स्वतःचं दुकान आहे, मागे गोदाम आहे. कोणी आयतं दिलेलं नाही. पण गोदाम आणि वाशीम रोड यांच्या मधोमध या माणसाचं तीन खोल्यांचं घर. ट्रक वळत नाही. कुटाराची गाडी उलटी घालता घालता ड्रायव्हर माझ्या आईचा उद्धार करतो. ते घर मला हवं होतं, आणि मला हवी ती वस्तू मी घेतोच.

दर दोन-तीन महिन्यांनी मी जायचो. भाव सांगायचो, वाढवायचो, शेवटी भडकायचो.

"ओ कंपाउंडर, तुमचा आकडा तं सांगा!"

"चहा घ्या."

"आकडा!"

"साखर कमी टाकू का? तुमचा चेहरा लाल होऊन राह्यला."

बाजारात ज्यानं आकडाच सांगितला नाही त्याच्याशी भांडता येत नाही. माझा राग तिथेच आहे. एकदा मी धमकी दिली, वनखात्यात कळवतो म्हणून. ते हसले. "कळवा ना. घार त्याह्यच्याच गार्डानं आणून देली. डब्बा बी आणते तो घोरपडीसाठी."

त्यांची एक सवय सांगायची राहिली. दवाखान्यात खोड्याच्या खांबावर खडूनं सूचना लिहितात, 'लाथ मारते', 'डावं शिंग सांभाळा', म्हणजे पुढचा माणूस फसत नाही. ही पद्धत त्यांनी घरी आणली होती. चुन्याच्या भिंतीवर, ज्या जनावराची जी जागा तिथे, कोळशानं लिहिलेलं असायचं. 'काळी: पोटाला हात नको.' 'घार: सकाळी रागात.' 'घोरपड: लाजाळू. अंडं ठेवून निघून जावे.'

"हे कोणासाठी लिवता? येतं कोण इथं?"

"माह्या मांगून कोणी तं येईनच ना." असं म्हणून त्यांनी घारीच्या वाटीत पाणी ओतलं. छातीचं दुखणं त्या वर्षीच निघालं होतं.

पुढच्या पोळ्यानंतर त्यांनी स्वतःहून बोलावलं. मी गुळगुळीत दाढी करून गेलो. त्यांनी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, आपल्या हातावर टाकला आणि म्हणाले, "तुमच्या रीतीनं करू."

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. दुपट्ट्याखाली हातात हात घालून बोटं दाबायची, आजूबाजूच्याला कळत नाही. त्यांनी बोटं दाबली. माझाच आकडा. मागच्या खेपेला मी सांगितलेला, एका बोटानंही जास्त नाही. माझा विश्वास बसेना.

"एकच अट. हे जितराब हाय तोवर घर पाडायचं नाई, अन् याह्यचं खाणं-पिणं तुमी पाह्यचं. शेवटलं गेलं का लावा तुमचा ट्रक."

मी गडबडणारा माणूस नाही. बैल घेताना आधी दात पाहतात. दोन दाती, चार दाती, सगळे दात जुळलेला, वय तिथे लपत नाही. मी रीतसर सातही मांजरांचे जबडे उघडले. दोन ओरखडे बसले, पण सुळे झिजलेले होते. साळुंक्यांची पिसं झडलेली, घोरपड थकलेली, धामण तर पावसाळा संपला की कुठेही जाते. मनात हिशेब केला, फार तर पाच वर्षं. कासवाच्या पाठीवर टिचकी मारली.

"अन् हे?"

"माह्याकडं आलं तवाच मोठं होतं, बाप्पा."

आलं तेव्हाच मोठं, म्हणजे आता म्हातारं. मी स्टॅम्प पेपरवर सही केली आणि त्या दिवशी त्यांचा चहा पहिल्यांदा पूर्ण प्यायलो.

सात महिन्यांनी ते गेले. मी खांदा दिला. घारीला गार्ड घेऊन गेला, धामण माझ्या अंदाजाप्रमाणे निघून गेली. मग नव्या डॉक्टरला बोलावून मी कासव दाखवलं.

"याचं किती राह्यलं असंन?"

त्यानं ते उलटसुलट केलं. "ठणठणीत आहे, शेठ. हे तुमच्या नातवाच्या लग्नात जेवेल."

माझा नातू पहिलीत आहे.

तीस वर्षं बाजारात उभा राहिलेला मी, ज्याला दातच नाहीत अशा जनावराच्या वयावर सही करून बसलो. लोक म्हणतात, कागद फाडा, विचारणारं कोण आहे? कोणी नाही. पण दुपट्ट्याखाली दिलेला हात मी आजवर फिरवला नाही आणि हे त्या माणसाला ठाऊक होतं. माझी तक्रार तीच आहे.

गेल्या महिन्यात कासवानं दोन दिवस खाण्याला तोंड लावलं नाही. भिंतीवर काही लिहिलंय का म्हणून मी बॅटरी घेऊन शोधत होतो. न्हाणीच्या दाराशी सापडलं: 'कासव: ढगाळ दिवशी जेवत नाही. घाबरू नये.' परत फिरताना बाहेरच्या दाराच्या मागे, जिथे मी बारा वर्षं उभा राहून ओरडायचो त्या जागी, आणखी एक ओळ दिसली. कोळसा जुना, पुसट झालेला.

'शेजारी: आधी ओरडतो. चहा द्यावा. चावत नाही.'

मी एकटाच तिथे उभा राहून त्यांना मोठ्यानं शिवी दिली. मांजरं पळाली.

मग चुलीतला कोळसा घेतला, न्हाणीशी वाकलो आणि कासवाच्या ओळीखाली माझ्या अक्षरात लिहिलं: 'दात नाहीत. वय विचारून घ्यावे.' माझ्यामागूनही कोणी येईलच ना.