वहिनीचं अर्धं वाक्य

हे मी आजवर कुणाच्याच कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही — आणि मी झोपेत काय बडबडतो तेसुद्धा तिला माहीत असतं. तुम्हाला सांगतोय ते एवढ्याचसाठी, की तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसाला सांगायला लागलो की मी आपोआप बरा माणूस व्हायला लागतो. अनुभव आहे.

गोष्ट एका सिनेमाची आहे. म्हणजे — सिनेमाची नाही, सिनेमा कसा वाटला त्याची. त्यातही माझ्या वहिनीला कसा वाटला त्याची.

त्या वेळी माझं एक चॅनल होतं. चॅनल म्हणजे काय, तर मी, माझा मोबाईल, एक छोटा माईक आणि कानात हेडफोन. शुक्रवारी थिएटरबाहेर उभं राहायचं, माणसं बाहेर पडायला लागली की माईक पुढे करायचा आणि विचारायचं, कसा वाटला? भिवंडीत शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात. त्यामुळे नवा पिक्चर आणि गावाची सुट्टी एकाच दिवशी येते, आणि आमच्याकडची पब्लिक मत द्यायला कधीच लाजत नाही. घरी दादाने गोडाऊनवर चल म्हटलं की मी 'चॅनलचं काम आहे' असं सांगायचो, इतक्या गंभीरपणे की मलाही ते खरं वाटायचं.

तर त्या शुक्रवारी जो पिक्चर लागला तो परदेशी, हिंदीत डब केलेला. रक्त पिणाऱ्या माणसाचा. शेकडो वर्षं जगलेला, देखणा, आणि त्याचा जीव जडतो डोंगरातल्या दवाखान्यातल्या एका नर्सवर. चार जाडजूड कादंबऱ्यांवरून काढलेला. आमच्या पब्लिकला कादंबऱ्यांशी काय देणंघेणं? त्यांना भुताचा पिक्चर पाहिजे होता. एक लूमवाला म्हणाला, "हीरो को पहले दो रोटी खिलाओ, खून बाद में पिलाना." दुसऱ्याची तक्रार होती की डरायला आलो होतो, हे तर लग्न जमवायचं काम निघालं. एक काका शांतपणे एवढंच म्हणाले की एसी चांगला होता. मी खूश. असले तुकडेच तर चालतात.

आणि त्यांच्या मागून सुवर्णा वहिनी बाहेर आली.

सुवर्णा वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. माहेर अकलोलीकडचं, शेतकऱ्याचं घर. बारावीपर्यंत शिकलेली. त्या चारही कादंबऱ्या मराठीत आल्या होत्या, आणि लग्नात लोक भांडीकुंडी आणतात तशी ही त्या घेऊन आली होती. आमच्या आईने पहिल्याच आठवड्यात त्यांना 'भुताची पुस्तकं' नाव ठेवलं. वहिनी हसली आणि वाचत राहिली. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, हिचं पान संपायचं नाही. हा पिक्चर येणार हे कळल्यावर लग्नानंतर पहिल्यांदा तिने स्वतःहून काहीतरी मागितलं — मला न्याल का, भावजी? दादाची ड्युटी होती. मी बरोबर आहे म्हटल्यावर आईनेही जाऊ दिलं, आणि लहानग्या परीला, दादाच्या मुलीला, स्वतःजवळ ठेवलं.

आमच्या घराबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही वाईट माणसं नाही. खाऊनपिऊन सुखी, आल्यागेल्याला मासळीचं जेवण घातल्याशिवाय न सोडणारी. दादाने वहिनीवर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. पण विचारणं — हा प्रकार आमच्याकडे नाहीच. वहिनीचं शिलाई मशीन आत्याकडे गेलं, तिला विचारलं नाही. ती एका मेडिकलच्या दुकानात कामाला जायची ते बंद झालं, तिला कळलं ते दुकानदाराकडून. तिच्या खोलीला कडी आहे. ती लावली की आई बाहेरून विचारायची, कशाला लावली गं? आता सांगताना हे सगळं दिसतंय. तेव्हा दिसत होतं का? दिसत होतं. उगाच नाही कशाला म्हणू?

तर ती बाहेर आली, डोळे थोडे लाल, आणि मी गंमत म्हणून माईक पुढे केला. वाटलं, लाजेल, पदर तोंडाला लावेल, एक गोड तुकडा मिळेल. ती बोलायलाच लागली. माझ्याकडे न बघता, त्या माईककडे बघून. तिने जे सांगितलं ते असं:

"मला नाय आवडला. पुस्तकात तो कधी बी सरळ आत येत नाय. दाराच्या बाहेर उभा राहतो नि इचारतो, येऊ का? ती नको बोलली का परत जातो. येवढी ताकद हाय त्याच्यात, दार तोडू शकतो, पन थांबतो. पिक्चरवाल्यांनी तेवढंच काढून टाकलं. हितं तो खिडकीतनं उडी मारून आत. मंग त्याच्यात नि चोरात फरक काय? मला पुस्तकातला आवडतो. इचारून आत येनारा कोन असंल ना, तर त्यानं रक्त पिला तरी चालंल मला."

आणि हसली. तिला असं हसताना मी घरात पाहिलं नव्हतं. दोनचार बायका थांबून ऐकत होत्या, त्यातल्या एकीने तर मान डोलावली. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, मी इतके दिवस माईक घेऊन फिरतोय आणि असं एकही वाक्य मला सुचलेलं नाही. कौतुक वाटलं. आणि त्याच कौतुकात कुठेतरी कळ उठली. चॅनल माझं, आणि अक्कल हिची?

घरी येऊन मी तो तुकडा कापला. पुढचं-मागचं सगळं उडवलं, ठेवलं एवढंच — "रक्त पिला तरी चालंल मला." आणि त्याच्या आधी माझ्याच आवाजात एक प्रश्न चिकटवला, जो मी तिला विचारलाच नव्हता: वहिनी, नवरा असा असेल तर?

पुढे मी स्वतःला समजवायचो की पूर्ण टाकलं असतं तर दादाला लागलं असतं, म्हणून कापलं. छान कारण आहे, नाही? खोटं आहे. कापताना दादा माझ्या डोक्यातही नव्हता. मला हशा पाहिजे होता.

हशा मिळाला. माझा कुठलाच व्हिडिओ चालला नव्हता तेवढा तो चालला. वहिनी मोबाईल फारसा बघायची नाही, दादाही नाही, आणि मी त्यांना दाखवला नाही. इथवरचं खूप जणांना माहीत आहे. पोरांनी पाठ थोपटली होती माझी. मला सांगायचंय ते हे नाही. थांबा — येतोय मी तिथे.

आत्याच्या मुलीची हळद होती, भिवंडीजवळच्या कोन गावात. आमच्याकडे लग्नाला एखादा आला नाही तरी चालतं, हळद चुकवायची नाही. आणि हळद म्हटली की डीजे. डीजे आत्याच्याच मुलाचा. गाण्याचा ठेका पडायच्या आधी गाणं थांबवून एखादा डायलॉग टाकायची त्यांची पद्धत असते, मग ठेका पडतो आणि मांडव उसळतो. तो मला म्हणाला, तुझ्या वहिनीचा तेवढा आवाज साफ करून पाठव. मी पाठवला. हो, मीच. आमच्याच घरातल्या बाईचा आवाज, जिथे आमचीच सगळी माणसं जमणार तिथे वाजवायला. मला त्यात गंमत वाटली. घरचाच आवाज, घरचाच मांडव — एवढाच विचार केला.

संध्याकाळ होती. बायका नवरीला हळद लावत होत्या. वहिनीचे दोन्ही हात पिवळे झाले होते. दादा पोरांबरोबर नाचत होता, तो नाचतो चांगला. गाणं थांबलं. आणि त्या भल्यामोठ्या स्पीकरमधून आधी माझा प्रश्न आला, मग वहिनीचा आवाज. नवरा असा असेल तर? — रक्त पिला तरी चालंल मला. धडाम् ठेका. सगळा मांडव ओरडला.

मी वहिनीकडे बघत होतो. ती आधी हसली. खरंच हसली — स्वतःचा आवाज ओळखून. आणि मान किंचित वर करून थांबली. बाकीचं येईल म्हणून. दारात थांबतो ते, विचारतो ते. तिला वाटलं सगळंच लावलंय. मग पोरांनी दंगा केला म्हणून डीजेने पुन्हा तेवढंच वाजवलं, आणि पुन्हा. तेव्हा तिला कळलं की बाकीचं काही येणार नाही. तिचे हात तसेच हवेत राहिले. दादा नाचायचा थांबला होता. कुणीतरी त्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणालं, काय रे, तू पुरत नाय का तिला? आणि लोक हसले. माझा दादा, जो कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, खाली मान घालून मांडवाच्या मागच्या बाजूने निघून गेला.

आता ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर सगळे बसलो होतो. आई रडत होती, गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाही म्हणत होती. दादाने वहिनीला शांतपणे विचारलं, तू बोललेली का तसा? वहिनी म्हणाली, "बोललेले. पन त्याच्या आधी लय बोललेले मी. भावजींनी सगळा ऐकला हाय, त्यांना इचारा." आणि तिने माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही. अगदी निर्धास्त. साक्षीदार समोरच बसलाय, मग काळजी कसली?

दादाने मला विचारलं.

मी म्हणालो, "मला नाय ऐकू आला. लय गर्दी व्हती."

वहिनी म्हणाली, "भावजी, तुमच्या कानात मशीन व्हती ना?" मी म्हणालो, ती बंद होती. दादाने विचारलं, पहिला व्हिडिओ असेल ना, तो लाव. मी म्हणालो, डिलीट झाला.

झाला नव्हता. खिशातल्या मोबाईलमध्ये होता, पूर्ण. तिचं हसणं, मान डोलावणारी ती बाई, सगळं. मी चहा संपवला, गच्चीवर गेलो, टाकीच्या आडोशाला बसलो आणि तो एकदा शेवटपर्यंत ऐकला. मग डिलीट केला. ओट्यावर बोललो ते खरं व्हावं म्हणून. हे — हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कापलं ती मस्ती होती असं म्हणता येईल, डीजेला दिलं तो मूर्खपणा. पण गच्चीवर मला सगळं कळत होतं. खाली एक बाई खरं बोलूनही खोटी ठरत होती, आणि तिचा खरेपणा माझ्या खिशात होता. मी काय वाचवलं? दादाने मला चार शिव्या दिल्या असत्या. फार तर एक कानाखाली. तेवढंच वाचवलं.

 ओट्यावर मी कानातली मशीन बंद होती म्हटल्यावर वहिनीने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि उठून आत गेली. त्याच आठवड्यात आईने ती चार पुस्तकं रद्दीत घातली. अर्थात, न विचारता. दादा दोनतीन महिने तिच्याशी तुटक वागला, मग हळूहळू सगळं सुरळीत झालं. बाहेरून बघाल तर आमचं घर आजही हसतंखेळतं आहे. मी चॅनल बंद केलं, गोडाऊनवर जायला लागलो, तर वहिनीच सगळ्यांना कौतुकाने सांगायची, भावजी सुधारले. मला मासळीचा मधला तुकडा आजही तीच वाढते. बोलतेही, हसतेही. फक्त मत देत नाही. साडी कशी आहे, भाजी कशी झालीय, परीला कुठल्या कॉलेजात घालायचं — काहीही विचारा, चांगलं हाय. आता तर दादाच कधीतरी विचारतो तिला, वय झालं तसा मऊ झालाय तो. तरी तेच. चांगलं हाय.

गेल्या महिन्यात त्या सिनेमाचा पुढचा भाग टीव्हीवर लागला. सगळे बसून बघत होतो. त्यातही तो तसाच — दार ढकलून सरळ आत. संपल्यावर परीने वहिनीला विचारलं, "मम्मी, कसा वाटला?"

वहिनी ताटं उचलत होती. "चांगला हाय," म्हणाली.

"काका, तुला?"

वहिनीचा हात ताटावर थांबला. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मला ते सगळं वाक्य पाठ आहे, पहिल्या शब्दापासून, तिच्याच आवाजात. दादा समोर होता, आई समोर होती, कुणी गर्दी केलेली नव्हती.

मी म्हणालो, "चांगला हाय."