पेंढ्यावरचं आभाळ

फोटोत आभाळ पांढरंफटक आलं, तर तुम्ही तिथे दुसरं आभाळ बसवता की नाही? खरं सांगा. मी बसवलं होतं.

आमचं गाव पालीपासून आत. मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांचं मंडळ दरवर्षी कॅलेंडर काढतं. त्यासाठी त्यांनी माझ्याकडे फोटो मागितला आणि मी लगेच हो म्हटलं. सड्यापलीकडची, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळामागची, जांभ्या दगडाची चिरेखाण आमच्या कातळापर्यंत वाढवायची आहे, त्याला ग्रामसभेची संमती हवी. सभा शिमग्याला, मुंबईकर गावात असताना. आणि मुंबईकर म्हणतात, खाणीची धूळबीळ काही नाही, तुम्हाला सुधारणाच नको. ती धूळ मला त्यांच्याच कॅलेंडरवर दाखवायची होती.

भातकापणी झाल्यावर मी भर दुपारी सडा चढले. कातळावर आमचाच पेंढा वाळत होता. फोटोत तो झकास आला, पण वर नुसता कोरा कागद. धूळ नाही, निळं नाही, काहीच नाही. मी चिडले. फोनने एका टिचकीत ढग सुचवले, काळेनिळे, भरलेले. देखणे होते. मी ते घेतले.

आईने फोन लांब धरून पाहिला.

"काय गो, हा पेंढा आपलाच ना?"

"हो."

"मग लोक म्हणतील, एवढं आभाळ भरून आलंय नि ही बाय पेंढा उघड्यावर टाकून कुठं उंडारतेय!"

मी हसले आणि मग माझे कान तापले. माझे वडील पत्रकं काढायचे, जमिनीची, पाण्याची. घड्या घालता घालता मी त्यांवरच वाचायला शिकले. स्वतः पाहिलं नाही ते छापायचं नाही, हा त्यांचा नियम. आणि मी आईला आळशी ठरवणारं आभाळ छापायला निघाले होते.

रात्रभर ते डोक्यात राहिलं. सकाळी मूळ रॉ फाइल, कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जशास तसं ठेवणारी, लॅपटॉपवर उघडली. फोटोतल्या जमिनीला हात लावला नाही. फक्त आभाळ निवडलं आणि हायलाइट्सचा, म्हणजे उजळ भाग मंद करणारा, स्लायडर हळूहळू खाली ओढला. जास्त ओढला की आंब्याच्या शेंड्यांभोवती पांढरी कड उमटायची, मग थोडं मागे यायचं. सूर्याजवळ कॅमेऱ्याने काही टिपलंच नव्हतं, तिथे पांढरंच राहू दिलं. बाकीचं फिकट निळं परत आलं. आणि डोंगराच्या कडेवर एक तांबूस पट्टा.

फोटो मंडळाच्या सेक्रेटरीला पाठवला. ते माझे चुलतकाका. लगेच फोन.

"हे काय धुरकट पाठवलंस? संध्याकाळी छपाईला जायचंय."

"काका, ती खाणीची धूळ आहे."

"तूच रंग ओढून केलेली धूळ! बापाची खोड बरोबर उचललीस. पुसून पाठव."

मी फोन ठेवला, पण ते वाक्य रुतलं. रंग मीच तर ओढून काढला नाही ना? तसं असेल तर सभेत माझं एक अक्षर कुणी ऐकणार नाही. बारा वाजत आले होते. मी धावतच सड्यावर गेले. या वेळी जमीन काळी पडली तरी चालेल म्हणत फोनच्या पडद्यावर आभाळावर बोट ठेवून प्रकाश तिथला मोजला. बटण दाबलं. बघायची हिंमत होईना.

पट्टा होता. काहीही न ओढता, न पुसता.

आई पेंढा परतत होती. तिने तळहात माझ्यापुढे धरला. धुळीने लालभडक. "गुरं पेंढा हुंगून बाजूला होतात. ह्याचाही काढ."

दुरुस्त केलेला, आत्ताचा आणि तळहाताचा, तिन्ही फोटो काकांना पाठवले. निळ्या खुणा उमटल्या. दिवेलागणीला एकच शब्द आला, "बघतो."

कॅलेंडर आलं. फोटो माझाच, आभाळही खरं. पण डोंगराच्या कडेवर, नेमक्या त्या पट्ट्यावर, जाड अक्षरांत मंडळाचं नाव.

"आभाळ खरं छापलं," आई म्हणाली, "नि वर झाकण घातलं."

सभा अजून व्हायची आहे. मी पत्रक काढलंय. त्यावर फोटो दोनच, कॅमेऱ्यातून आला तसा आणि मी दुरुस्त केलेला, शेजारी शेजारी. काय बदललं तेही खाली लिहिलंय. सध्या घड्या घालतेय.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या फोनमधला पांढऱ्या आभाळाचा एक फोटो आज उघडा. नवे ढग बसवू नका. होतं त्याच आभाळाचा उजेड हळूहळू खाली ओढा, आणि कडेला काही दिसलं तर पुसू नका. मूळ फोटोसकट तो अशा माणसाला पाठवा, जो म्हणतो की तिथे काहीच नाही.